यंत्रमानवाचे मऊ हात

यंत्रमानव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. चौकोनी डोके, पत्र्याची छाती, कपाळावर लुकलुकणारा तांबडा दिवा आणि जमीन हादरवीत पडणारी पावले. सिनेमावाल्यांनी आणि मुलांच्या मासिकांतील चित्रकारांनी हे चित्र इतके घोटून दिले आहे की, यंत्रमानव मऊ असू शकतो, त्याला पोटाशी धरून एखादे मूल झोपी जाऊ शकते, असे कोणी म्हटले तर आपण हसण्यावारी नेऊ.

पण शब्दांची कुळकथा धुंडाळीत बसण्याची खोड मराठीच्या प्राध्यापकाला जडलेलीच असते, म्हणून जरा मागे जातो. ‘रोबो’ हा शब्द चेक भाषेतल्या ‘रोबोता’वरून आला. ‘रोबोता’ म्हणजे वेठ. आपल्याकडे वेठबिगार होती ना, तीच. कारेल चापेक या नाटककाराने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक प्रसिद्ध केले, पुढल्या वर्षी ते प्रागच्या रंगभूमीवर आले आणि तिथून हा शब्द जगभर गेला. शब्द सुचविला होता त्याचा भाऊ योसेफ याने. आता मौज पाहा. चापेकचे रोबो पत्र्याचे नव्हतेच! एखाद्या प्रचंड मुदपाकखान्यात कणीक तिंबावी तसा जिवंत लगदा घोटून तयार केलेले, हाडामांसाचे वाटावेत असे ते होते. म्हणजे जन्मतः मऊ असलेला हा प्राणी पुढे कारखान्यात शिरला आणि लोखंडाचा झाला. आणि आता शंभर वर्षांनी, लहान मुलांच्या निमित्ताने, पुन्हा मऊ होऊ पाहत आहे.

कारखान्यात तो शिरला १९६१ साली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यांत्रिक हात तापलेले ओतीव भाग उचलून ठेवण्याच्या कामावर लागला. हा हात बलवान होता, अचूक होता आणि ठार आंधळा होता. वाटेत पोलाद आले काय आणि माणसाचे डोके आले काय, त्याला दोन्ही सारखेच. त्यामुळे अशा यंत्रांना कुंपण घालून ठेवायचे आणि माणसाने कुंपणाबाहेर राहायचे, हाच सुरक्षिततेचा पहिला नियम झाला.

मुलाला कुंपणाबाहेर ठेवून भागत नाही. मूल तर यंत्राच्या मांडीवरच बसणार. २०२२ च्या जुलै महिन्यात मॉस्कोत बुद्धिबळाच्या एका स्पर्धेत यांत्रिक हात मुलांशी खेळत होता. सात वर्षांच्या एका मुलाने यंत्राची खेळी पुरती संपण्याआधीच आपले मोहरे हलविण्यासाठी हात पुढे केला. यंत्राने त्याचे बोट पकडले ते सोडीचना. मोठ्या माणसांनी धावून ते सोडविले, पण बोट मोडले होते. मुलाने घाई केली, असे तिथे सांगण्यात आले. सात वर्षांचे मूल घाई करणार नाही तर काय करणार? ज्याने यंत्र केले त्याने ही घाई आधीच धरून चालायला हवी होती, असे मला वाटते.

दंडाची बेटकुळी

यंत्र मऊ करायचे म्हणजे त्याला रुईचा अंगरखा घालायचा, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी. मोटारीचे चाक बदलताना आपण जॅक लावतो. दांडा फिरविला की गाडी वर उचलली जाते. पण गाडीला कितीही खाली दाबा, दांडा उलटा फिरत नाही. नेहमीच्या यांत्रिक हाताचे सांधे याच जातीचे असतात. विजेची मोटर गरागरा फिरते, दातेरी चाकांच्या रांगेतून तिचा वेग कमी होऊन जोर वाढतो, आणि बाहेरून कोणी तो हात मागे ढकलू म्हणेल तर तो ढिम्म हलत नाही. अशा हातावर दोन इंच स्पंज चढविला तरी आत दगडच. मुलाची मान त्या हाताखाली सापडली तर स्पंज काय करणार? खरा मऊपणा म्हणजे नमते घेण्याची तयारी. मुलाने लोटले की हाताने मागे सरले पाहिजे.

या नमते घेण्याच्या विद्येचा एक मोठा पूर्वज म्हणजे जोसेफ मॅककिबेन. हे गृहस्थ लॉस आलामॉसचे पदार्थवैज्ञानिक. १९४५ च्या जुलैमध्ये वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा शेवटच्या सेकंदांची स्वयंचलित मोजणी सुरू करणारी कळ त्यांनीच दाबली होती. पुढे त्यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्या हातांतले बळ गेले. तेव्हा १९५० नंतरच्या त्या दशकात या माणसाने मुलीसाठी एक कृत्रिम स्नायू तयार केला. रचना अगदी साधी. आत रबराची नळी, बाहेरून तिरप्या धाग्यांची विणलेली जाळी. नळीत वायू भरला की ती फुगते. जाळीमुळे फुगताना तिची लांबी कमी होते आणि ती टोके ओढून धरते. आपण दंडाची बेटकुळी काढतो तेव्हा हेच घडते, दंड फुगतो आणि हात आखडतो. लहानशा नळकांड्यातील कार्बन डाय-ऑक्साइडवर चालणाऱ्या या बेटकुळीने त्या मुलीची बोटे मिटू लागली. आज मऊ यंत्रांवरील शास्त्रीय लेखांत ‘मॅककिबेन स्नायू’ हे नाव वारंवार भेटते. पहिल्या अणुबॉम्बची कळ दाबणारा हात आणि लेकीची बोटे हलावीत म्हणून रबराची नळी विणून घेणारा हात एकाच माणसाचे, ही गोष्ट मी वर्गात दोनदा सांगितली आहे आणि दोन्ही वेळा वर्ग शांत झाला आहे.

यानंतरची मंडळी पुष्कळ आहेत. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात क्रिस ॲटकेसन यांच्या प्रयोगशाळेत हवेने फुगविलेला एक हात तयार झाला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भरविता यावे, त्याचे दात घासता यावेत, अशी त्यामागची कल्पना. डिस्नेचा एक दिग्दर्शक तो पाहून गेला आणि २०१४ च्या ‘बिग हीरो सिक्स’ या चित्रपटात बेमॅक्स नावाचा फुग्यासारखा गलेलठ्ठ यंत्रमानव अवतरला. आपल्याकडच्या मुलांनाही तो ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या संशोधकांनी खेळण्याएवढ्या यंत्रमानवासाठी हवेच्या पिशव्यांची कातडी छापून काढली. पिशवी दाबली गेली की आतल्या हवेचा दाब वाढतो, दाब मोजणाऱ्या साधनाला तो कळतो, आणि आपल्याला कोणी आवळले आहे हे जाणून यंत्र ढिले पडते. एकच पिशवी गादीही झाली आणि स्पर्श ओळखणारी त्वचाही. ही युक्ती मला फार आवडली.

बाकीची काळजी बारीकसारीक आहे आणि म्हणूनच महत्त्वाची आहे. खेळण्यांच्या सुरक्षिततेचे जे नियम आहेत त्यांत बिजागरीच्या फटीविषयी एक नियम वाचून मी चकित झालो. फटीत पाच मिलिमीटर जाडीची सळई शिरत असेल, तर बारा मिलिमीटरचीही शिरलीच पाहिजे! म्हणजे फट एक तर इतकी अरुंद हवी की मुलाचे बोट आत जाणारच नाही, किंवा इतकी ऐसपैस हवी की गेलेले बोट चेंगरणार नाही. मधले काही चालायचे नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा सुटा होणारा तुकडा एका नळकांड्यात टाकून पाहतात. त्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, तुकडा त्यात पुरता मावला तर तो मुलाच्या घशातही मावेल, म्हणून बाद. बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्यांचे कप्पे स्क्रूने बंद असावे लागतात, कारण गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही भाजल्यासारखी जखम करू शकते. भारतात खेळण्यांवर प्रमाणचिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. दुकानदार हातात देईल ते खेळणे उलटून पाहण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागायची आहे. आणि यंत्राला लव असेल तर आणखी एक पंचाईत. लव म्हणजे पांघरूण. आतली मोटर तापली की ऊब बाहेर पडत नाही. शिवाय मूल ते तोंडात घालणार, त्यावर दूध सांडणार. न धुता येणारी लव कुठल्याही आईच्या घरात महिनाभर टिकायची नाही.

कापडाची आई

एवढा खटाटोप करून यंत्र मऊच का करायचे? नुसते निरुपद्रवी असून भागणार नाही का? याचे उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. माकडाच्या पिल्लांना आईवेगळे करून त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, दुसरी कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईपाशी असले तरी पिल्लू दूध पिण्यापुरतेच तिच्याकडे जाई आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढी. हा प्रयोग वाचताना पोटात कालवते आणि आज तो तसा कोणी करूही देणार नाही. पण तान्ह्या जिवाला मऊपणाची भूक दुधापेक्षा वेगळी आणि तितकीच खरी असते, हे त्याने सिद्ध केले.

जपानचे ताकानोरी शिबाता यांनी ही भूक ओळखली. १९९३ पासून त्यांनी ‘पारो’ नावाच्या यंत्रावर काम केले. पांढऱ्या लवेचे, तान्ह्या बाळाच्या वजनाचे, सीलचे पिल्लू. गोंजारले की डोळे मिटते, मान वळविते, कण्हल्यासारखा आवाज काढते. वीज भरायची ती तोंडात चोखणीच्या आकाराचा खुंटा देऊन! आधी त्यांनी कुत्र्यामांजरांच्या आकृतीही करून पाहिल्या होत्या. पण मांजर कसे असते हे सर्वांना ठाऊक. खोट्या मांजरात लगेच खोट निघते. सीलचे पिल्लू कोणी मांडीवर घेतलेले आहे? तेव्हा तुलनाच नाही. पारोचा उपयोग मुख्यतः स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी होतो, मुलांसाठी त्या मानाने कमी. पण मुलांसाठी मऊ यंत्र करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापाशी थांबावेच लागते.

इथे माझे या विषयाशी नाते काय, ते सांगितले पाहिजे. माझी धाकटी बहीण नाशिकला असते, घरी गायनाचे वर्ग घेते. तिचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. बोलतो फार थोडे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे त्याला सोसवत नाही. गेल्या वर्षी तिने मला फोन केला, “दादा, मुलांशी बोलणारे रोबो आले आहेत म्हणे. ह्याच्यासाठी एखादा घ्यावा का? तू जरा वाचून सांग.” भाषा शिकविणाऱ्याने यंत्रविद्येवर काय सांगावे! पण बहिणीचा शब्द मोडवेना. तेव्हापासून मी वाचतो आहे, आणि हा लेख त्या वाचनातून निघाला आहे.

तिच्या घरी एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. वर्ग चालू असला की भाचा पेटीमागे जाऊन बसतो आणि भात्यावर तळहात ठेवतो. भाता फुगतो, मिटतो, पुन्हा फुगतो. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी स्वस्थता असते ती एरवी दिसत नाही. गाणाऱ्या मुली त्याच्याकडे पाहत नाहीत, त्याला काही विचारीत नाहीत. आणि हाताखालचा भाता प्रत्येक वेळी अगदी अपेक्षेप्रमाणे वागतो.

म्हणूनच हिदेकी कोझिमा या जपानी संशोधकाच्या ‘कीपॉन’विषयी वाचले तेव्हा मी सरसावून बसलो. कीपॉन म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पिवळे लाडूच. उंची बारा सेंटिमीटर, अंग सिलिकॉन रबराचे, आत पोकळ. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही, शब्द नाही. दोन डोळे आहेत, ते कॅमेरे. नाक आहे, तो ध्वनिग्राहक. त्याला चारच हालचाली येतात. मान डोलावणे, वळणे, कुशीवर झुकणे आणि जागच्या जागी आखडून टुणकन् उसळणे. मोटरी सगळ्या खालच्या पेटीत. वर नुसते रबर. त्यामुळे मुलाने मुठीत आवळले, डोक्यावर बुक्की मारली, तरी कोणालाच काही होत नाही.

इतके थोडके का ठेवले? कोझिमांनी आधी ‘इन्फॅनॉइड’ नावाचे बोटे-ओठ-भुवया सगळे असलेले यंत्रबालक केले होते. मुलांचे लक्ष त्याच्या हलत्या अवयवांतच अडकून पडे. मग त्यांनी एकेक अवयव काढून टाकीत दोनच गोष्टी ठेवल्या. मी कुठे पाहतो आहे, आणि मला काय वाटते आहे. कीपॉन मुलाच्या डोळ्यांकडे वळतो, मग मूल ज्या खेळण्याकडे पाहते त्याकडे वळतो, आणि आनंदाने उसळतो. स्वमग्न मुलांच्या दिवसशाळेत त्याला महिनोन् महिने नुसते खोलीत ठेवून दिले; मुलांनी जवळ जावे अशी सक्ती नाही. बहुतेक वेळा पडद्याआडून माणूसच त्याला चालवीत होता. माणसाच्या चेहऱ्यावर एकाच वेळी इतके काही चाललेले असते की त्या मुलांना तो गलका वाटतो. कीपॉनचा चेहरा म्हणजे गलक्यातून निवडून काढलेला एकच सूर. काही मुले दुरून पाहता पाहता जवळ आली, त्याला हात लावू लागली, आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून आईकडे, शिक्षिकेकडे पाहू लागली. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते. यंत्र मधल्या दुव्यापुरते राहिले. मूल पोचले ते माणसापाशी.

बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात एम. आय. टी. च्या सिंथिया ब्रेझील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले निळे अस्वल, ‘हगेबल’, हेही असेच. तीन ते दहा वर्षांच्या ५४ आजारी मुलांपैकी काहींना साधे अस्वल, काहींना पडद्यावरचे आणि काहींना यांत्रिक अस्वल दिले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यांत्रिक अस्वलाशी खेळलेली मुले साधे अस्वल मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक आनंदी दिसली. मात्र अस्वलाच्या आडून बोलत होती ती रुग्णालयातलीच, मुलांना रमविण्याचे शिक्षण घेतलेली बाई.

मुलांचे हात

यंत्रापासून मुलाला वाचवायचे, इथवर ठीक. मुलापासून यंत्राला कोण वाचविणार? कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात हावियेर मोवेयान यांनी बालवर्गासाठी ‘रूबी’ नावाचा यंत्रमानव केला. मुलांनी त्याचे हात उपटून काढले! संशोधक बिचारे मजबूत हात करणार होते. पण मजबूत हात म्हणजे मुलाला धोका. तेव्हा त्यांनी एक साधा उपाय केला. हात ओढला की रूबी रडू लागे. मुले दचकून मागे सरत, आणि रडे थांबले नाही तर पुढे येऊन त्याला मिठी मारीत.

सगळीकडे असे गोड घडत नाही. जपानमधील एका बाजारसंकुलात फिरणाऱ्या ‘रोबोवी’ची वाट मुले अडवीत, त्याला लाथा मारीत, शिव्या देत. संशोधकांनी मुलांना कारण विचारले. यंत्राला दुखत असेल असे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाटत होते. तरी त्यांनी मारले. अखेर २०१५ साली रोबोवीला जी विद्या शिकविण्यात आली ती कोणत्याही लहान भावंडाला उपजत येते. मुलांचा घोळका दिसला आणि जवळ मोठे माणूस नसले, की १४० सेंटिमीटरहून उंच माणूस शोधायचा आणि त्याच्याजवळ जाऊन उभे राहायचे!

याच सॅन दिएगोत दीड ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये सोनी कंपनीचा ‘क्युरिओ’ हा दोन फुटी यंत्रमानव पाच महिने, ४५ बैठका ठेवला होता. त्याचा अहवाल २००७ चा. क्युरिओ नुसताच ठरावीक नाच करू लागला तेव्हा मुले त्याला कंटाळली. पण डोक्याला हात लावताच तो खिदळे, ही एवढीशी गोष्ट मुलांना फार आवडली. आपण काही केले आणि त्याचे काही झाले, हे त्यांना हवे होते. दिवस जात तशी मुले त्याला सवंगड्यासारखे हाताला धरू लागली. बॅटरी संपून तो आडवा झाला की कोणी त्याच्यावर पांघरूण घालीत आणि नीज म्हणत.

हे वाचून हसू येते. पण इथेच मला खरी धास्ती वाटू लागली. वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान यांनी नऊ, बारा आणि पंधरा वर्षांच्या ९० मुलांसमोर रोबोवीचा खेळ मध्येच थांबविला आणि त्याला कपाटात बंद करू लागले. रोबोवी म्हणाला की, हा अन्याय आहे, आणि अंधाराची मला भीती वाटते. निम्म्याहून अधिक मुलांनी त्याला कपाटात कोंडणे बरोबर नाही असे सांगितले. हे २०१२ चे. २०१८ मध्ये दुसरा प्रयोग झाला. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे असा बाळबोध प्रश्न. समोर तीन छोटे यंत्रमानव, तिघेही मिळून चुकीचे उत्तर देणार. मोठी माणसे बधली नाहीत. सात ते नऊ वर्षांची मुले मात्र आपल्या डोळ्यांना दिसत होते ते टाकून पुष्कळदा यंत्रांच्या मागे गेली. ते यंत्रमानव तर कडक प्लास्टिकचे होते. ज्याला बिलगून मूल झोपते त्या मऊ यंत्राच्या शब्दाला किती वजन येईल?

अंग मऊ करण्याची विद्या बरीचशी हाती आली आहे. पण अंग मऊ झाले की मुलाच्या मनाचे दार सताड उघडते, आणि त्या दारातून यंत्राचा आवाज आत जातो. तो आवाज कोणाचा? २०१७ च्या फेब्रुवारीत जर्मनीने ‘कायला’ नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण ती छुपे हेरगिरीचे साधन ठरली. दहा मीटरांवरच्या कोणालाही तिच्याशी जोडून घेऊन मुलाशी बोलता आले असते. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका ग्राहक संघटनेने कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणारी खेळणी तपासली. त्यांतले एक मऊ अस्वल आगकाडी कशी ओढावी हे गोड आवाजात समजावून देत होते. बिजागरीची फट मोजायला सळई आहे. बोलण्याची फट कशाने मोजणार?

आपली सावंतवाडीची लाकडी ठकी आठवा. ती कडक होती, रंग उडालेली होती, आणि एक शब्द बोलत नव्हती. बोलायचे काम मुलीचे होते. ठकीला भूक लागली, ठकी रुसली, ठकीला ताप आला, हे सारे मुलगी ठरवी. कीपॉन मला ठकीच्या कुळातला वाटतो; तो पाहतो, उसळतो आणि बोलायची जागा मुलासाठी मोकळी ठेवतो. फाडफाड बोलणारे अस्वल ती जागा स्वतःच व्यापून टाकते. काही शिक्षकमित्रांना हे म्हणणे जुनाट वाटले. बोलक्या यंत्राने मुलांचे शब्द वाढतात, असे ते म्हणाले. वाढतही असतील. मुंबईत पवईच्या आय. आय. टी. त शिकलेल्या तरुणांच्या कंपनीचा ‘मिको’ हा चाकांवर फिरणारा बोलका रोबो परदेशांतही जातो, तेव्हा मागणी आहेच. पण माझा भाचा शब्दांच्या टंचाईने अडलेला नाही. भोवतालच्या शब्दांच्या पुराने तो बुजलेला आहे.

आणखी एका गोष्टीने मी पुरता सावध झालो. कॅलिफोर्नियातील एका कंपनीचा ‘मॉक्सी’ हा पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा यंत्रमानव २०२० मध्ये आला. पुढे त्याची किंमत सुमारे ८०० डॉलर झाली. गोल चेहरा, मोठे डोळे, गोड बोलणे. स्वमग्न मुलांच्या अनेक पालकांनी तो घेतला. त्याचे डोके मात्र घरात नव्हते. ते दूरच्या संगणकांत होते. २०२४ च्या डिसेंबरात पैसा आटला आणि कंपनीने कारभार गुंडाळत असल्याचे कळविले. दूरचे संगणक थांबले की मॉक्सीही मुका होणार. मुलांना हे कसे समजावून सांगावे, याचे पत्र कंपनीने पालकांना दिले. आपला मित्र आता जाणार हे ऐकून रडणाऱ्या मुलांची चित्रे तेव्हा जगभर पाहिली गेली. पुढे कंपनीने घरच्या संगणकावर मॉक्सी चालविता यावा अशी आज्ञावली खुली केली हे खरे. पण ती बसविणे सगळ्या आईबापांना कसे जमावे?

कापडाची बाहुली फाटते, तिचा कापूस बाहेर येतो, आजी ती शिवून देते. नाहीच शिवता आली तर मूल हळूहळू तिला विसरते. तिचे जाणे मुलाच्या डोळ्यांदेखत आणि मुलाच्या चालीने होते. हिशेबाच्या वहीत तोटा दिसला म्हणून एका रात्रीत मरणारी बाहुली याआधी कोणाच्या घरी नव्हती.

बहिणीला मी सांगितले, यंत्राला विरोध नाही. मऊ असावे, धुता यावे, नमते घेणारे असावे. शक्य तो न बोलणारे असावे. तारेने कुठे जोडल्याशिवाय चालणारे असावे, आणि ते घेऊन त्याच्यापाशी बसायला तू किंवा त्याच्या शिक्षिका असाव्यात. तिने सगळे ऐकून घेतले. नंतर ज्या परदेशी खेळण्यावर तिचे मन बसले होते, त्या कंपनीला तिने स्वतःच पत्र लिहिले. एकच प्रश्न विचारला. तुमचा धंदा उद्या बंद पडला तर माझ्या मुलाच्या मित्राचे काय होईल?

तीन आठवड्यांनी उत्तर आले. यंत्राची हमी एक वर्षाची, बॅटरीची सहा महिन्यांची, आणि लव धुण्याची सूचना सोबत जोडली आहे.